नोंदणी आधी का करावी? : विज्ञान अधिवेशनाला जाणाऱ्यांसाठी थोडे गणित

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील एकापाठोपाठची तीन गावे. या पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत, महाविद्यालये आहेत, अंबरनाथला नौदलासाठी पदार्थसंशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे आणि शाळा तर शेकड्यांनी आहेत. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांची येथे वाण नाही. असे असूनही एखाद्या मोठ्या विज्ञान अधिवेशनाला गेलेला शिक्षक शोधू लागलो, तर तो विरळाच भेटतो. कारण विचारले, तर 'आवड नाही' असे क्वचितच कोणी म्हणतो. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : 'परिपत्रक आले होते, पण तोवर मुदत टळली होती,' किंवा 'राहायची सोय झाली नाही.'

ही दोन्ही कारणे वरवर कारकुनी वाटतात. नावनोंदणीची मुदत आणि निवासाची सोय यांत विज्ञान ते काय असणार? आम्हांला मात्र वाटते की, या दोन गोष्टींमागे चांगले मोजता येण्याजोगे गणित आहे. ते एकदा समजले, की मुदतीची तारीख ही संयोजकांची कटकट न वाटता आपल्या हातातले साधन वाटू लागते. या लेखात ते गणित मांडावयाचे आहे. उदाहरणांसाठी आपण मुख्यतः भारतीय विज्ञान काँग्रेस घेऊ, कारण ती आपल्या मुंबईत आणि नागपुरातही भरलेली आहे.

१०५ माणसांचा मेळावा ते विद्यापीठभर पसरलेली जत्रा

भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ या काळात कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत भरले. अध्यक्ष होते आशुतोष मुखर्जी. जे. एल. सायमनसेन आणि पी. एस. मॅकमेहॉन या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या पुढाकारातून ते घडले. उपस्थिती १०५ जणांची, निबंध ३५ आणि विभाग सहा. एवढ्या मंडळींची सोय परिचितांची घरे, क्लब आणि दोनचार हॉटेले यांतून होऊ शकते. पत्रव्यवहार करून माणसे मोजता येतात.

पुढे हे रूप पालटले. जानेवारी २००० मध्ये पुण्याला डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली ८७ वे अधिवेशन झाले. ३ ते ७ जानेवारी २०१५ या काळात मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात १०२ वे अधिवेशन झाले. अध्यक्ष होते डॉ. सर्जेराव निमसे. ३ ते ७ जानेवारी २०२३ या काळात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात, त्या विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात, १०८ वे अधिवेशन झाले. आता अशा अधिवेशनात वेगवेगळ्या शास्त्रांचे विभाग एकाच वेळी चालतात. बालवैज्ञानिकांचा मेळावा असतो, महिला विज्ञान काँग्रेस असते, मोठे प्रदर्शन असते. नागपूरला आदिवासी विज्ञान काँग्रेसही प्रथमच भरली. वक्ते, प्रतिनिधी, विद्यार्थी आणि पाहुणे मिळून हजारोंचा समुदाय पाच दिवस एका जागी राहतो, जेवतो आणि वावरतो.

हजारो माणसांसाठी खाटा, ताटे, बसगाड्या, ओळखपत्रे आणि खुर्च्या लागतात. यांतली एकही वस्तू आदल्या रात्री निर्माण करता येत नाही. संयोजकांपुढे तीन महिने आधी एकच प्रश्न उभा असतो : किती माणसे येणार?

एका अंदाजाचे दोन प्रकार

हा प्रश्न उदाहरणाने पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, १००० जणांनी शुल्क भरून नोंदणी केली आहे. शुल्क भरलेल्या माणसांपैकी सुमारे ९० टक्के प्रत्यक्ष येतात, असा मागचा अनुभव आहे. मग अपेक्षित उपस्थिती ९००. पण नेमकी ९०० येईल असे नाही; कोणी आजारी पडेल, कोणाकडे लग्न निघेल. ही चढउतार किती असेल? प्रत्येकाचा येण्या-न येण्याचा निर्णय स्वतंत्र आहे असे मानले, तर संभाव्यताशास्त्रातील द्विपद वितरणाचे सूत्र लागू होते. प्रमाण विचलन म्हणजे १००० × ०·९ × ०·१ या गुणाकाराचे वर्गमूळ. गुणाकार ९० येतो आणि त्याचे वर्गमूळ साधारण ९·५. दोन प्रमाण विचलनांच्या आत, म्हणजे ८८१ ते ९१९ यांच्या दरम्यान, उपस्थिती राहण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. हजारांच्या मेळाव्यात केवळ वीस इकडे किंवा वीस तिकडे! स्वयंपाकी एवढी तफावत सहज सांभाळतो.

आता दुसरी स्थिती घ्या. शुल्क कोणीच भरलेले नाही. १००० जणांनी 'येण्याचा विचार आहे' असे नुसते कळविले आहे. त्यांपैकी किती येतील? ४० टक्के येतील की ८० टक्के, हेच ठाऊक नाही. म्हणजे उपस्थिती ४०० ते ८०० यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. येथे आपले वर्गमूळाचे सूत्र मदतीला येत नाही. ते सूत्र नाणेफेकीसारखी चढउतार मोजते. नाणेच कसे आहे हे माहीत नसेल तर ते काय मोजणार?

विद्यार्थ्यांना समजावून देण्यासारखा हा फरक आहे. एक अनिश्चितता यदृच्छेची असते. माणसांची संख्या वाढेल तसे तिचे प्रमाण घटत जाते. दुसरी अनिश्चितता अज्ञानाची असते. ती केवळ संख्या वाढल्याने कमी होत नाही. तिच्यासाठी नवी माहितीच मिळवावी लागते. शुल्कासह केलेली नोंदणी म्हणजे ही माहिती. खिशातून पैसे गेलेला माणूस येण्याची शक्यता जास्त असते आणि ती शक्यता किती हे मागच्या वर्षांच्या हिशेबांतून काढता येते.

सवलतीच्या शुल्काचे कोडे येथे उलगडते. मुदतीपूर्वी नोंदणी करणाऱ्याला शुल्क कमी आणि आयत्या वेळी येणाऱ्याला जास्त, असे बहुतेक सर्व परिषदांत असते. पुष्कळांना हा लवकर येणाऱ्यावर केलेला उपकार वाटतो, किंवा उशिरा येणाऱ्याला केलेला दंड वाटतो. खरे पाहता तो एक व्यवहार आहे. संयोजकांना वेळेवर माहिती हवी असते. ती देणाऱ्याला ते तिची किंमत मोजतात. तीन महिने आधी कळलेल्या नावाच्या आधारे वसतिगृह ठरविता येते आणि गाद्या भाड्याने घेता येतात. आदल्या दिवशी कळलेल्या नावाचा उपयोग फक्त पावती फाडण्यापुरता.

जवळच्या खाटा आणि लांबच्या खाटा

निवासाचे गणित नोंदणीहून थोडे निराळे आहे. नोंदणी कितीही वाढू शकते. सभागृहात मागे उभे राहूनही भाषण ऐकता येते. खाटांची संख्या मात्र ठरलेली असते, आणि अधिवेशनस्थळापासून पायी जाण्याच्या अंतरावरील खाटा तर त्याहून कमी.

विद्यापीठात भरणाऱ्या मेळाव्यात निवासाचे साधारण तीन थर असतात. संकुलातील वसतिगृहे आणि अतिथिगृहे हा पहिला थर. सर्वांत जवळचा आणि सर्वांत स्वस्त. शहरातील शाळा, धर्मशाळा आणि संस्थांची सभागृहे हा दुसरा. हॉटेले आणि लॉज हा तिसरा. हॉटेलांच्या बाबतीत संयोजक काही खोल्या ठोक पद्धतीने राखून ठेवतात. या राखीव खोल्यांना एक अखेरची तारीख असते. तोपर्यंत प्रतिनिधींना त्या ठरलेल्या दराने मिळतात. तारीख उलटली, की हॉटेल त्या खुल्या ग्राहकांना विकू लागते. संयोजकांनी जास्त खोल्या धरल्या आणि त्या रिकाम्या राहिल्या, तर पुष्कळदा करारानुसार त्यांचे पैसे भरावे लागतात. म्हणून ते हात राखूनच खोल्या धरतात आणि मागणी वाढत गेली तरच आकडा वाढवितात. म्हणजे पुन्हा तेच : नोंदणी उशिरा आली, तर खोल्याच कमी धरलेल्या असतात.

साऱ्या जगात हेच चालते. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या हिवाळी अधिवेशनाला वीस हजारांहून अधिक भूशास्त्रज्ञ जमतात. अनेक वर्षे ते सॅन फ्रान्सिस्कोला भरत असे. तेथील सभागृहाच्या विस्ताराचे काम निघाल्यामुळे २०१७ साली ते न्यू ऑर्लिन्सला आणि २०१८ साली वॉशिंग्टनला न्यावे लागले. एवढा समुदाय हलवायचा तर भाषणांच्या दालनांइतकाच विचार शहरातील खोल्यांचाही करावा लागतो.

खोल्यांच्या वाटपात आणखी एक गंमत आहे. समजा, एका गटात २६ शिक्षिका आणि ३१ शिक्षक आहेत आणि खोल्या तीन खाटांच्या आहेत. एकूण ५७ माणसे, तिनाने भागिले की १९ खोल्या पुरतील असे वाटते. पण शिक्षिकांना ९ खोल्या लागतात आणि शिक्षकांना ११, एकूण २०. भागाकारातील बाकी प्रत्येक गटात निराळी उरते आणि तेवढ्या खाटा रिकाम्या राहतात. स्त्री-पुरुष, विद्यार्थी, सोबत आलेले पालक, तळमजल्यावरच खोली लागणारे ज्येष्ठ किंवा अपंग प्रतिनिधी, असे गट जितके वाढतील तितकी ही बाकी वाढते. म्हणून नोंदणीच्या अर्जात पोहोचण्याची वेळ, सोबतीची माणसे, आहार असे प्रश्न विचारलेले असतात. ते कोरे सोडू नयेत. शाळेने तीन किंवा चार जणींचा गट करून एकत्र अर्ज पाठविला, तर त्या गटाला एक पूर्ण खोली मिळण्याचा संभव वाढतो.

मुंबईत अधिवेशन : अप-डाऊन की मुक्काम?

आपल्या तीन गावांतील शिक्षकांपुढे एक खास पेच असतो. अधिवेशन मुंबईत असेल तर ते 'बाहेरगावी' नसते. रोज हजारो लोक बदलापूरहून मुंबईला नोकरीसाठी जातात. मग पाच दिवसांसाठी मुक्काम कशाला, असा विचार साहजिकच मनात येतो.

२०१५ च्या कालिना येथील अधिवेशनाचे उदाहरण घेऊन हिशेब मांडू. बदलापूर ते कुर्ला हे रेल्वेचे अंतर सुमारे ५२ किलोमीटर. अंबरनाथ आणि उल्हासनगर त्याहून थोडे अलीकडे. लोकलचा सव्वा तास, घरापासून स्टेशनपर्यंतचा वेळ, गाडीची वाट पाहणे, कुर्ल्याहून बस किंवा रिक्षा, हे सारे धरले तर एका बाजूला दोन तास सहज जातात. दिवसाचे चार, पाच दिवसांचे वीस. म्हणजे जवळजवळ दोन पूर्ण दिवसांची सत्रे गर्दीत उभे राहून गेली. सकाळचे पहिले व्याख्यान आणि संध्याकाळचे जाहीर भाषण, या दोन्ही वेळा नेमक्या गर्दीच्या. शिवाय अधिवेशनातील निम्मी कमाई सत्रांच्या बाहेरची असते : जेवणाच्या रांगेत झालेली ओळख, रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात रंगलेली चर्चा. अप-डाऊन करणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही, कारण त्याचे लक्ष घड्याळाकडे असते.

त्या वर्षीचा दिनक्रमही पाहण्यासारखा आहे. ३ जानेवारी २०१५ हा शनिवार होता आणि ४ तारखेला रविवार. उपनगरी मार्गांवर मेगाब्लॉक सहसा रविवारीच असतो, म्हणून असा दिवस कार्यक्रमात आला की वेळापत्रक आधी पाहून ठेवणे बरे. पण खरी अडचण त्याच्या आधीच उद्भवली. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवार २ जानेवारीला सकाळी, ठाकुर्लीजवळ पेंटोग्राफच्या बिघाडाने गाड्या खोळंबल्या. दिव्याला प्रवाशांचा उद्रेक झाला आणि मध्य रेल्वेची उपनगरी वाहतूक कित्येक तास कोलमडली. कल्याणपलीकडच्या सर्व गावांचा मुंबईशी असलेला संबंध त्या वेळेपुरता तुटला.

वरील संभाव्यतेच्या हिशेबात आपण एक गृहीत धरले होते : प्रत्येकाचे येणे-न येणे स्वतंत्र आहे. दिव्यासारख्या घटनेत हे गृहीतच कोसळते. समजा, १००० प्रतिनिधींपैकी १०० जण या एका रेल्वेमार्गावर अवलंबून आहेत आणि ते सारे अप-डाऊन करणारे आहेत. मार्ग बंद पडला, की त्यांच्यापैकी अपेक्षित असलेले नव्वदच्या नव्वद एकदम गैरहजर होतील. उपस्थिती ९०० ऐवजी ८१० वर येईल. आपल्या सूत्राने फार तर वीसचा फरक सांगितला होता, झाला नव्वदचा! अनेक घटना एकाच धाग्याला बांधलेल्या असतील, तर स्वतंत्रतेवर आधारलेले सूत्र फसते. विमा, पूर, साथीचे रोग या सर्व ठिकाणी हाच धडा लागू पडतो.

शिक्षकाच्या दृष्टीने तात्पर्य सोपे आहे. ज्या दिवशी आपला स्वतःचा निबंध किंवा विद्यार्थ्यांचा प्रकल्प सादर व्हायचा आहे, त्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम तरी स्थळाजवळ असावा. पाचही रात्री परवडत नसतील, तर ही एक रात्र निवडावी.

नागपूरला अधिवेशन : साठ दिवसांचे कुंपण

आता दूरच्या ठिकाणाचा विचार करू. २०२३ चे नागपूरचे अधिवेशन मंगळवारी, ३ जानेवारीला सुरू झाले. कल्याणहून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने जाणाऱ्याने रविवारी, १ जानेवारीला निघावे आणि २ तारखेला पोहोचून नोंदणी-खिडकीवरचे काम उरकावे, हे सोयीचे. पण हा आठवडा म्हणजे नाताळ आणि नववर्षाच्या गर्दीचा. त्यातच विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात ३० डिसेंबर २०२२ पर्यंत चालू होते. शहर एका पाहुणचारातून मोकळे होते न होते तोच दुसरा सुरू झाला.

त्या काळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी सुरू होत असे. म्हणजे १ जानेवारीच्या गाडीचे आरक्षण ३ सप्टेंबर २०२२ ला उघडले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. आज असाच प्रवास करावयाचा झाला, तर १ जानेवारीच्या गाडीचे आरक्षण २ नोव्हेंबरला उघडेल. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, जेव्हा सर्वांचे लक्ष फराळाकडे किंवा सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांकडे असते. प्रवासाचा दिवस सोडून उलटे साठ दिवस मोजावेत आणि ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवावी.

या बदलाने कामाचा क्रमही बदलला आहे. पूर्वी रेल्वेचे तिकीट आधी आणि परिषदेची नोंदणी नंतर, असे होऊ शके. आता सवलतीच्या नोंदणीची मुदत बहुधा रेल्वे आरक्षण उघडण्यापूर्वीच संपते. म्हणून नोंदणी पहिली, निवास दुसरा आणि तिकीट तिसरे, असा क्रम लावावा.

अधिवेशनच हलले तर?

येथे एक रास्त शंका येते. एवढ्या आधी पैसे गुंतवायचे आणि अधिवेशनच पुढे गेले तर? ही शंका काल्पनिक नाही.

१०५ वे अधिवेशन ३ जानेवारी २०१८ पासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात भरावयाचे होते. डिसेंबर २०१७ मध्ये, ते दोन आठवड्यांवर आले असताना, पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. शेवटी ते १६ ते २० मार्च २०१८ या काळात मणिपूर विद्यापीठात, इंफाळला भरले. हैदराबादची तिकिटे काढून बसलेल्या महाराष्ट्रातील शिक्षकाची अवस्था डोळ्यांसमोर आणा. इंफाळ हैदराबादहून कितीतरी लांब, आणि मार्च म्हणजे आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षांचा महिना. जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूला १०७ वे अधिवेशन झाले, त्यानंतर कोरोनाच्या साथीमुळे थेट २०२३ मध्ये नागपूरला १०८ वे झाले. १०९ वे जानेवारी २०२४ मध्ये ठरल्याप्रमाणे भरू शकले नाही.

लवकर नोंदणीत संयोजकांची अनिश्चितता कमी होते खरी, पण तिचा काही भाग आपल्या खांद्यावर येतो. तो नाहीसा करता येत नाही. लहान मात्र करता येतो. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत. परिषद रद्द झाली किंवा हलली, तर शुल्क परत मिळेल का? आपला निबंध नाकारला गेला, तर काय? आणि आपल्यालाच येता आले नाही, तर किती तारखेपर्यंत कळविल्यास किती रक्कम परत मिळेल? हॉटेल घ्यायचे झाल्यास रद्द करता येणारी खोली थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. वरचे पैसे हा एक प्रकारचा विम्याचा हप्ता समजावा. रेल्वेचे तिकीट गाडी सुटण्याच्या जितके आधी रद्द करावे तितकी कपात कमी होते, हेही लक्षात असावे.

खोट्या निमंत्रणांपासून सावध

लवकर पैसे भरण्याच्या घाईचा गैरफायदा घेणारेही असतात. मोठ्या नावाची 'आंतरराष्ट्रीय परिषद', तीन दिवसांत शुल्क भरण्याचा तगादा, निबंध न वाचताच आलेले स्वीकृतिपत्र, ही लक्षणे दिसली की थांबावे. हैदराबादच्या एका प्रकाशन कंपनीला अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ साली पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दणका दिला. परिषदांच्या जाहिरातींत नामवंत शास्त्रज्ञांची नावे त्यांच्या संमतीवाचून छापणे हाही त्या प्रकरणातला एक आरोप होता.

तपासणी अवघड नाही. यजमान संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर परिषदेचा उल्लेख आहे का, ते पाहावे. संस्थेच्या कार्यालयात दूरध्वनी करून विचारावे. शुल्क संस्थेच्या नावाच्या खात्यातच जाते, व्यक्तीच्या नाही, याची खात्री करावी. कार्यक्रमात ज्यांचे नाव छापले आहे अशा एखाद्या प्राध्यापकाला सरळ पत्र लिहून विचारण्यासही हरकत नाही.

शाळेसाठी एक वेळापत्रक

जानेवारीतील अधिवेशन समोर धरून कामे अशी लावता येतील.

जुलै-ऑगस्ट : कोण जाणार, कशासाठी जाणार, ते ठरवावे. नुसते श्रोते म्हणून, निबंध घेऊन, की विद्यार्थ्यांचा प्रकल्प घेऊन? मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. 'ऑन ड्यूटी' परवानगीचा अर्ज याच वेळी करावा, कारण व्यवस्थापनाच्या सभेला वेळ लागतो.

सप्टेंबर : निबंधाचा गोषवारा पाठवावा. गोषवारा पाठविणे आणि प्रतिनिधी म्हणून नोंदणी करणे या सहसा दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही.

सवलतीच्या मुदतीपूर्वी किमान आठ दिवस : शुल्क भरून पावती जपून ठेवावी. शेवटच्या दिवशी संगणक मंदावतात आणि बँकेचे व्यवहार अडकतात. त्याच दिवशी निवासाचा अर्जही पाठवावा.

प्रवासाआधी साठावा दिवस : रेल्वेचे जाण्याचे आरक्षण. परतीचे आरक्षण त्याच्या त्याच्या साठाव्या दिवशी; हे पुष्कळांच्या ध्यानातून निसटते.

एक महिना आधी : निवासाची लेखी निश्चिती मागवावी. उत्तर आले नाही, तर दुसरी सोय पाहण्यास अजून वेळ असतो.

एक आठवडा आधी : पावती, ओळखपत्र, शाळेचे पत्र आणि निवासाचे पत्र यांच्या दोन-दोन प्रती. भ्रमणध्वनीत छायाचित्र असले तरी कागद जवळ असावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे गणित शिकविण्यासाठी विज्ञान काँग्रेसची वाट पाहावी लागत नाही. शाळेचे विज्ञान प्रदर्शन किंवा स्नेहसंमेलन पुरेसे आहे. नववीच्या दोन तुकड्या घ्या. एका तुकडीतील मुलांच्या पालकांकडून 'येणार' एवढेच तोंडी विचारून घ्या. दुसऱ्या तुकडीतील पालकांकडून सही केलेली चिठ्ठी आणि चहाचे दहा रुपये आधी घ्या. प्रत्यक्ष किती आले ते दोन्ही तुकड्यांत मोजा आणि टक्केवारी काढा. दोनतीन वर्षे नोंद ठेवली, तर शाळेला स्वतःचा 'येण्याचा दर' हाती लागेल. पुढच्या वर्षी खुर्च्या मागविताना तो वापरून पाहा आणि अंदाज किती चुकला तेही लिहून ठेवा. पावसामुळे किंवा गाड्या बंद पडल्यामुळे आकडा एकदम घसरला, तर ती नोंद खोडू नका. स्वतंत्रतेचे गृहीत कोठे मोडते हे दाखविणारी तीच सर्वांत मोलाची नोंद.

शेवटी एक गोष्ट. मोठ्या संस्थेतील प्राध्यापकाला उशीर झाला, तर तो महागडे हॉटेल घेऊ शकतो आणि विमानाने जाऊ शकतो. त्याचा खर्च बहुधा संस्था सोसते. अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या शाळेतील शिक्षिकेला तो पर्याय नसतो. तिच्यासाठी उशीर म्हणजे न जाणे. पण संकुलातल्या वसतिगृहाची खाट, सवलतीचे शुल्क आणि गाडीतला बर्थ या तिन्ही वस्तू मुख्यतः आधी येणाऱ्याला मिळतात. पदवी किंवा पगार पाहून नव्हे. जुलैमध्ये काढलेला एक तास जानेवारीत तिला प्राध्यापकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसवू शकतो. म्हणून शिक्षकदालनात पुढचे परिपत्रक लागेल, तेव्हा त्यावरील विषयाच्या आधी मुदतीची तारीख वाचावी आणि ती शेजारच्या शिक्षकालाही सांगावी.